ड्रमरच्या पेटीत काय काय असतं?

तुमच्या कॉलेजच्या बँडचा एखादा फोटो आठवून बघा. मध्ये माइक धरून गाणारा, दोन्ही बाजूंना गिटारवाले, केसबीस उडवत. आणि ड्रमर? सिंबलच्या मागून अर्धं कपाळ दिसतंय, बस्स. पण गॅदरिंग संपल्यावर सगळ्यात शेवटी हॉलमधून बाहेर पडतो तो हाच. बाकीचे एकेक बॅग खांद्याला लावून वडापाव खायला पसार होतात, हा स्टँडचे नट मोजत बसलेला असतो. मग स्टेजवर जे उरलं ते त्याच्याच पिशवीत जातं. तुटलेली स्टिक, फुटलेलं पान, फ्लोअर टॉमला चिकटवलेली गाण्यांची यादी, कुणीतरी विसरलेला पास.

हे सामान पुढे कुठवर जाऊ शकतं, माहितीये?

डिसेंबर २०१५ मध्ये बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार आणि त्याची बायको बार्बरा बाख यांनी घरातलं जास्तीचं सामान विकायला काढलं. आपल्याकडे दिवाळीआधी माळा आवरतात ना, तसंच. फरक एवढाच, की रद्दीवाल्याऐवजी अमेरिकेतल्या ज्युलियन्स या कंपनीने त्याचा लिलाव केला. १९६३ मध्ये घेतलेला काळपट मोतिया रंगाचा लुडविग ड्रमसेट २१ लाख डॉलरच्या घरात गेला. तेव्हाच्या दराने साधारण चौदा कोटी रुपये. तो घेतला जिम इर्से या अमेरिकन फुटबॉल संघाच्या मालकाने.

मला त्याहून भारी वाटली ती एक एलपी. १९६८ साली बीटल्सचा पांढऱ्या कव्हरचा अल्बम आला. व्हाइट अल्बम म्हणतात तो. त्याच्या प्रत्येक प्रतीवर अनुक्रमांक छापला होता. पहिल्या नंबरची प्रत जॉन लेननकडे गेली असणार, असं चाहते वर्षानुवर्षं धरून चालले होते. ती निघाली ड्रमरकडे! लंडनच्या एका बँकेच्या तिजोरीत पस्तीसहून जास्त वर्षं पडून होती. लिलावात तिला ७ लाख ९० हजार डॉलर मिळाले. बाकी तिघांनी सुट्टीवरून पाठवलेली पोस्टकार्डंही रिंगोने जपून ठेवली होती. त्यांचं त्याने २००४ मध्ये पुस्तकच काढलं.

आता म्हणाल, ड्रमरच का? माझं उत्तर असं की, बँडची पाटीच मुळात त्याच्याकडे असते. तुम्हीच बघा, बँडचं नाव स्टेजवर कुठे लिहितात? बेस ड्रमच्या तोंडावर. बीटल्सच्या नावातला तो प्रसिद्ध मोठा ‘बी’ आणि खाली पाय सोडून बसलेला ‘टी’ कुठल्या जाहिरात कंपनीने काढलेला नाही. १९६३ मध्ये लंडनच्या ड्रम सिटी या दुकानात रिंगो सेट घ्यायला गेला, सोबत मॅनेजर ब्रायन एपस्टाइन. ड्रमवर लुडविगचं नाव राहणार होतं, मग बँडचं नावही त्यात बसायला हवं. दुकानाचे मालक आयव्हर आर्बिटर यांनी कागदावर झटकन एक रेखाटन केलं, एडी स्टोक्स नावाच्या पेंटरने ते हाताने रंगवलं. खर्च पाच पाउंड.

बँडने पुढच्या काही वर्षांत असे सात ड्रमहेड रंगवून घेतले, असं जाणकार सांगतात. हाताचं काम, त्यामुळे प्रत्येकातली अक्षरं थोडी वेगळी. जुन्या फोटोंशी ताडून कुठलं तोंड कुठल्या कार्यक्रमाचं हे ओळखता येतं. फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्सनी पहिल्यांदा अमेरिकेच्या टीव्हीवर थेट वाजवलं, तेव्हा ड्रमसेट तिथलाच नवा मिळाला होता. नाव रंगवलेलं तोंड मात्र लंडनहून सोबत नेलं होतं. तेच तोंड नोव्हेंबर २०१५ मध्ये वीस लाख डॉलरच्या वर विकलं गेलं. घेणारा पुन्हा तोच इर्से.

सगळे ड्रमर असेच असतात असं नाही. रोलिंग स्टोन्सच्या चार्ली वॉट्सची तर गंमतच होती. १९६७ पासून तो टूरवर ज्या ज्या हॉटेलात झोपला, तिथल्या पलंगाचं चित्र काढून ठेवायचा. लाखोंच्या गर्दीपुढे वाजवणारा माणूस आणि संग्रह कसला, तर रिकाम्या पलंगांचा! गाडी चालवता येत नव्हती तरी जुन्या गाड्या घ्यायचा. त्याला खरं प्रेम जॅझचं, म्हणून जुन्या जॅझ ड्रमरांचे सेट त्याने गोळा केले होते.

तर वस्तूला किंमत येते ती ‘कुणाची, कधीची’ हे कळल्यावर. हे आमच्या नात्याला शिकवायला नको. महाडहून रायगडाकडे निघालात की वाटेत लागतं ते नाते. (हो, गावाचं नावच नाते. त्यावरचे सगळे विनोद आमचे करून झालेत.) रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख इथे जन्मले, १८९६ साली. ते १९४३ ते १९४९ गव्हर्नर होते, आणि त्यांच्या सहीच्या, राजाचं चित्र असलेल्या जुन्या नोटा संग्राहक आज शोधत फिरतात. ती नोट घेऊन कुणी दुकानात गेलं तर दुकानदार हसेल. पण खालची सही वाचता येणाऱ्याला ती नुसती जुनी नोट वाटत नाही.

नात्याहून महाड, तिथून पोलादपूर, मग आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर आणि पुढे पाचगणी. हा रस्ता तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी बाइकवर केला असेल, मॅगी खाल्ली असेल, सेल्फी काढले असतील. त्याच पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत १९५८ च्या सुमारास पाच पोरांनी एक बँड काढला होता, ‘द हेक्टिक्स’. पियानोवर होता फारुख बलसारा. म्हणजे क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी! ड्रमवर होता व्हिक्टरी राणा. हा पुढे नेपाळच्या सैन्यात जनरल झाला आणि सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं नेतृत्वही त्याने केलं.

२०२३ मध्ये लंडनला सदबीजने फ्रेडीच्या घरातल्या वस्तूंचा लिलाव केला. पियानो सतरा लाख पाउंडांना गेला हे समजू शकतं. पण मिशीला फिरवायचा चांदीचा छोटा कंगवासुद्धा दीड लाख पाउंडांच्या वर गेला. त्याने लहानपणी केलेला पोस्टाच्या तिकिटांचा अल्बम ब्रिटनच्या पोस्टल म्युझियममध्ये आहे. आणि हेक्टिक्सचं काय उरलं? मोजके फोटो. पांढरे शर्ट, टाय, चापून बसवलेले केस. ती मुलं वाजवायची कशी, हे ऐकवायला रेकॉर्डिंग नाही. गाण्यांची यादी, स्टिक, गॅदरिंगची पत्रिका यातलं काहीतरी कुणाच्या पेटीत राहिलं असतं तर? पण शाळेतल्या बँडचं सामान जपून ठेवावं असं पंधरा वर्षांच्या पोरांना कुठून सुचणार?

मुंबईत थोडं बरं झालं. १९७० आणि १९७१ मध्ये सिमला बीट नावाची बँडची स्पर्धा गाजली, सिगारेट कंपनीच्या पैशावर. त्यातल्या बँडच्या गाण्यांच्या दोन एलपी निघाल्या. ती पोरं कशी वाजवायची ते आज कळतं ते त्या एलपींमुळे. १९८६ पासून रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ व्हायचं, त्याचे पास आणि टीशर्ट आता पन्नाशीला आलेल्या काकालोकांकडे सापडतील. विचारा त्यांना. फार बोलतात, पण विचारा.

आपल्या भागात मात्र कपाटात ठेवलेलंही टिकेल याची खात्री नाही. २२ जुलै २०२१ विसरणं महाडकरांना शक्यच नाही. सावित्री आणि गांधारीचं पाणी गावात शिरलं. तळियेत दरड कोसळली, तिथे तर माणसंच गेली. कागद-फोटोंबद्दल बोलायची ती वेळ नव्हती. पण पाणी ओसरल्यावर महाडात रस्त्याकडेला चिखलाचे ढीग लागले होते ना, त्यात गाद्या आणि फ्रिजच्या जोडीने लग्नाचे अल्बम होते, सर्टिफिकेटं होती. एखाद्या बेंजो पार्टीचा बॅनर आणि सुपाऱ्यांची वहीसुद्धा असणार.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. मे २०१० मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिलला कंबरलँड नदीचा पूर आला. तिथल्या साउंडचेक नावाच्या गोदामात कित्येक नामांकित वादकांची वाद्यं ठेवलेली होती, एका संगीत संग्रहालयाच्या वस्तूही होत्या. सगळं पाण्यात. नंतर कारागिरांनी एकेक वाद्य उघडून, वाळवून, जमतील तेवढी वाचवली.

म्हणून आता थोडं कामाचं सांगते. फोटो भिजले, एकमेकांना चिकटले, तर ओढून काढू नका आणि गठ्ठा तसाच वाळूही देऊ नका. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हलक्या हाताने सुटे करा, चिखल धुवा, मग चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. लगेच वेळ नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये टाका. खराबी थांबते, महिनाभराने काढलं तरी चालतं. कार्यक्रमाचं तिकीट एटीएमच्या पावतीसारख्या गुळगुळीत कागदाचं असेल तर त्यावरचं छापील हमखास उडतं. आजच झेरॉक्स काढा. लॅमिनेशनच्या मोहात पडू नका, एकदा केलं की कागद परत सुटत नाही. चिकटपट्टी तर नकोच, पिवळी पडून डाग सोडते.

आणि मागे लिहा. पेन्सिलने. कोण, कुठे, कधी.

हे लिहिण्याचा कंटाळा येतो, माहितीये. आपल्या पिढीचं पोस्टर इन्स्टाच्या स्टोरीवर असतं, चोवीस तासांत गायब. तिकीट म्हणजे क्यूआर कोड. गाण्यांची यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर, आणि तो ग्रुप टीवायची परीक्षा झाली की थंड. हेक्टिक्सचे निदान फोटो आहेत, तुमच्या बँडचं नाव फोन बदलताना जाईल.

बँड म्हणजे ड्रमसेटवालाच असंही काही नाही हं. वाडीत खालूबाजाची पार्टी असेल. ढोल, टिमकी, सनई, झांज. शिमग्यात पालखीपुढे आणि वरातीत त्यांच्याशिवाय पान हलत नाही. ढोल वाजवणाऱ्या आजोबांना एकदा विचारा, पहिली सुपारी कुठली होती, किती पैसे मिळाले, मुंबईला कधी वाजवायला गेला होतात का. फोनवर रेकॉर्ड करा. त्यांच्या घरात भिंतीला टांगलेलं फुटलं पान असेल, एखादी ट्रॉफी असेल, कुठल्याशा मंडळाने दिलेली रंग उडालेली टोपी असेल. फोटो काढा, मागे-पुढे सगळीकडून. आजोबांसकट काढा.

मेमध्ये लग्नसराई, त्यामुळे ते घरी सापडायचे नाहीत. जूनचा पहिला आठवडा बरा, भाताची पेरणी चालू असते पण संध्याकाळी भेटतात. जुलै उजाडू देऊ नका. आणि पेटी खालच्या खोलीत असेल तर तेवढी माळ्यावर चढवूनच या.