एक यंत्र, दोन कारभारी

संगणकाचें यंत्र कितीहि उत्तम असलें, तरी त्याचा सर्व व्यवहार ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ नांवाच्या कारभाऱ्याच्या हातीं असतो. कळफलकावरचें अक्षर पडद्यावर उमटविणें, कागदपत्रें जागच्या जागीं ठेवणें, प्रिंटरला हुकूम देणें, हीं कामें त्याचींच. विंडोज १० या कारभाऱ्याची नेहमींची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली आणि विंडोज ११ कित्येक जुन्या यंत्रांस मानवत नाहीं. चालतें यंत्र मोडींत काढावें काय, असा प्रश्न त्यामुळें अनेक कुटुंबांपुढें उभा राहिला.

अशा वेळीं त्याच यंत्रांत दुसराहि कारभारी नेमतां येतो. हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सचा आरंभ केला. त्यावर उभारलेल्या उबुंटु, मिंट इत्यादि प्रणाली विनामूल्य मिळतात. मग विंडोज अजीबात कां काढून टाकूं नये? कारण वर्षानुवर्षांचा हिशेब किंवा जुन्या मराठी फॉन्टमधील लेखन ज्या प्रोग्रॅमांत अडकलेलें असतें, तो पुष्कळदां विंडोजवरच चालतो. इंटरनेटचें काम लिनक्सवर करावें आणि जुन्या कामापुरतें, इंटरनेट तोडून, विंडोजकडे जावें, ही विभागणी शहाणपणाची होय.

दोन्ही कारभारी एकाच वेळीं गादीवर बसत नाहींत. कळ दाबतांच प्रथम यंत्राच्या अंगचा ‘यूईएफआय’ हा मूळ प्रोग्रॅम जागा होतो. तो डिस्कवरील एका लहानशा राखीव भागांतून ‘ग्रब’ नांवाच्या द्वारपालास उठवितो. ग्रब दोन्ही नांवें पडद्यावर मांडून कांहीं सेकंद वाट पाहतो. ज्याची निवड होईल तो सूत्रें हातीं घेतो. दुसरा तोंवर डिस्कवर निजलेला असतो.

खरा धोका आहे तो डिस्कच्या वांटणींत. म्हणून छायाचित्रें व कागदपत्रें यांची प्रत प्रथम बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. विंडोजनें डिस्कला ‘बिटलॉकर’चें कुलूप घातलें असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरून ठेवावी. नंतर विंडोजच्याच साधनानें त्याचा भाग आखडून जागा मोकळी करावी. ‘फास्ट स्टार्टअप’ची सोयहि बंद करावी, तिच्यामुळें विंडोज पुरतें न निजतां अर्धवट डुलक्या घेतें, व त्या स्थितींत लिनक्सनें त्याच्या भागांत कांहीं लिहिलें तर फायली बिघडण्याचा संभव असतो. यानंतर पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पडदा, आवाज व वायफाय तपासावें. स्थापनेच्या वेळीं ‘संपूर्ण डिस्क पुसावी’ हा पर्याय समोर येतो. तेथें घाई झाली तर घरादाराच्या आठवणी क्षणांत नाहींशा होतात. मोकळी ठेवलेली जागाच निवडली पाहिजे.

एक गंमत मात्र पुढें दिसते. यंत्रांतील घड्याळांत विंडोज स्थानिक वेळ धरतें, तर लिनक्स सामान्यतः जागतिक वेळ ठेवतें. भारतांत हा फरक साडेपांच तासांचा असल्यानें लिनक्सवरून परतल्यावर विंडोजचें घड्याळ तितकें मागें दिसूं लागतें. घड्याळ बिघडलेलें नसतें. दोघांनीं एकच पद्धत धरावी, एवढी सूचना एकास दिली कीं काम भागतें.

सामाईक घरांत सलोखा राहतो तो प्रत्येकाची हद्द ठरलेली असल्यामुळें. यंत्रांतहि हद्द आधीं आंखावी आणि मगच नव्यास बोलवावें. मात्र त्याहिपूर्वीं ठेव्याची प्रत बाहेर सुरक्षित असावी.