स्लोव्हेनिया : थांबे मोजत पाहण्याचा देश

युरोपच्या सहलीचा विषय घरात निघाला की पॅरिस, रोम आणि स्वित्झर्लंड ही नावे प्रथम पुढे येतात. मोठ्या बसमधून आठ दिवसांत पाच देश पाहण्याचा उत्साह तरुणांना शोभतो. सत्तरी ओलांडलेल्या माता-पित्यांना मात्र असा प्रवास सुखापेक्षा शीणच अधिक देतो. त्यांना बरोबर घेऊन मोटारीने, आपल्या गतीने पाहता येईल असा एक छोटा देश आहे, तो म्हणजे स्लोव्हेनिया.

इटली, ऑस्ट्रिया, हंगेरी आणि क्रोएशिया यांच्या मधोमध वसलेला हा देश 1991 मध्ये युगोस्लाव्हियातून वेगळा झाला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 20,000 चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सुमारे 21 लाख आहे. राजधानी ल्युब्लिआनापासून ब्लेडचे सरोवर सुमारे 55 किलोमीटर, पोस्तोयनाची गुहा सुमारे 50, तर समुद्रकाठचे पिरान सुमारे 120 किलोमीटर अंतरावर आहे. त्यामुळे एकाच ठिकाणी मुक्काम ठेवून रोज एक स्थळ पाहता येते. सामान रोज बांधावे आणि सोडावे लागत नाही, ही ज्येष्ठांच्या दृष्टीने मोठीच सोय होय.

ब्लेडचे नाते आरोग्याशी जुने आहे. अर्नोल्ड रिकली या स्विस निसर्गोपचारकाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथे ऊन, हवा आणि पाणी यांवर आधारलेले उपचारकेंद्र सुरू केले. सरोवराभोवतीची वाट सुमारे 6 किलोमीटरची आहे. ती पुरी केलीच पाहिजे असे नाही. काठावरच्या बाकावर बसूनही बेटावरचे देऊळवजा चर्च दिसते. त्या बेटावर चढण्यास 99 पायऱ्या आहेत, हे नावेत बसण्यापूर्वीच ज्येष्ठांना सांगावे. जवळच्या बोहिन्य सरोवराकाठून व्होगेल पर्वतावर रोपवेने जाता येते. शिखरांचे दर्शन गुडघ्यांना न शिणवता घडते.

पोस्तोयनाच्या गुहेत 1872 मध्ये रूळ टाकण्यात आले. आजही आतला बराचसा प्रवास छोट्या आगगाडीतून होतो. पायी चालणे सुमारे दीड किलोमीटर असते. आतील तापमान बारमाही 10 अंश सेल्सिअसच्या आसपास असल्याने लोकरी कपडे आणि न घसरणारे जोडे हवेत. श्कोत्सियानची गुहाही अप्रतिम आहे, परंतु तेथे शेकडो पायऱ्या आहेत. हृदयविकार वा संधिवात असणाऱ्यांनी या दोहोंपैकी पोस्तोयनाच निवडावी.

व्हर्शिच घाट 1,611 मीटर उंचीवर असून त्यात 50 अवघड वळणे आहेत. पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून हा रस्ता बांधून घेण्यात आला. 1916 मध्ये हिमकडा कोसळून त्यांतील अनेक जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेले लाकडी प्रार्थनामंदिर वाटेत दिसते. ज्यांना गाडी लागते त्यांनी पोट हलके ठेवून पुढच्या आसनावर बसावे आणि मळमळीवरील गोळी वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावी. हिवाळ्यात हिमामुळे हा घाट बहुधा बंद असतो.

येथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि दिवसाही पुढचे दिवे लावावे लागतात. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच काढून न्यावा. गाडी भाड्याने घेताना आपोआप गिअर बदलणारी आणि घडीची चाकाची खुर्ची डिकीत मावेल अशीच मागावी. महामार्गाचा शुल्कपरवाना गाडीच्या क्रमांकावर नोंदवलेला आहे ना, याची खात्री करावी. विमानातून उतरल्या दिवशी लांबचा प्रवास टाळावा. चालकाची झोप ही सर्वांचीच सुरक्षितता असते.

औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत असावीत. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव असावे, कारण व्यापारी नावे तेथे निराळी असतात. इन्सुलिन विमानाच्या मालकक्षात देऊ नये, तसेच उन्हात उभ्या गाडीतही ठेवू नये. उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. म्हणून गोळ्यांच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. त्यात जुने आजार समाविष्ट आहेत का, हे वाचून पाहावे. आणीबाणीत 112 हा क्रमांक लावावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अनेक ज्येष्ठ प्रवासात पाणी पिणे टाळतात, काही जण तर लघवीची गोळीच चुकवतात; कारण एकच, आपल्यामुळे गाडी थांबू नये. हा संकोच घातक ठरू शकतो. पाणी कमी पडल्याने चक्कर येते, तोल जातो, मूत्रमार्गाचा संसर्ग बळावतो. फार वेळ पाय लोंबते ठेवून बसल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दर दीड तासाने गाडी थांबवावी, पाच मिनिटे चालावे आणि बसल्या जागी घोटे फिरवावेत. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

काळजी घेणाऱ्यांनी ‘थांबायचे का?’ असे विचारू नये. त्यावर ‘नको’ हेच उत्तर मिळते. ‘आता थांबू या’ असे म्हणून गाडी बाजूला घ्यावी आणि प्रथम स्वतः उतरावे. ज्येष्ठांनीही हे ध्यानात ठेवावे की, मोटार घेतली ती थांबता यावे म्हणूनच. घाई करायची असती, तर बस होतीच. म्हणून सहलीचा नकाशा पसराल, तेव्हा प्रेक्षणीय स्थळांच्या आधी विसाव्याच्या जागांवर खुणा करा, आणि त्या खुणा करण्याची पेन्सिल घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीच्या हाती द्या.