वाघाचे कौतुक, रानमांजराची उपेक्षा

२०२१ साली टिपेश्वरच्या जंगलातून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटरची वाट तुडवीत गौताळ्यात येऊन पोहोचला, तेव्हा साऱ्या मराठवाड्याला त्याचे कोण अप्रूप वाटले! ते स्वाभाविकही होते. परंतु त्याच गौताळ्यात, कन्नड-चाळीसगावच्या डोंगररानात, पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या रानमांजराची विचारपूस कोणी केली आहे काय? वाघाच्याच कुळातले हे जनावर. पण त्याच्या वाट्याला ना कौतुक आले, ना काळजी.

गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली घोषित झाले. छत्रपती संभाजीनगर व जळगाव या दोन जिल्ह्यांत मिळून त्याचा विस्तार सुमारे २६० चौरस किलोमीटर आहे. अभयारण्याची सीमा नकाशावर आखता येते. रानमांजराला ती ठाऊक नसते. बोरी-बाभळींची झुडपे, ओढ्याकाठचे गवत, उसाचा फड, शेताचा रुंद बांध हेच त्याचे घर. यातील झुडपी माळावर आपण सहजपणे ‘पडीक’ असा शिक्का मारून मोकळे होतो. देशातील पडीक जमिनींच्या सरकारी नकाशासंग्रहातही झुडपी रानाची गणना पडीक म्हणूनच केलेली आहे. जमीन एकदा पडीक ठरली, की तेथे खडी फोडण्याचे यंत्र बसो अथवा वसाहत उभी राहो, काही नष्ट झाले असे कोणालाच वाटत नाही.

वस्तुतः यात नुकसान शेतकऱ्याचेच आहे. राजस्थानातील सरिस्का येथे झालेल्या अभ्यासानुसार एक रानमांजर दिवसाकाठी तीन ते पाच उंदीर फस्त करते. वर्षाचा हिशेब मांडला, तर हा आकडा हजाराच्या वर जातो. पिकाचा असा बिनपगारी राखणदार हाताशी असताना आपण बांध कोरून त्याचा निवारा मोडतो आणि उंदरांसाठी विष विकत आणतो. ते विष उंदरांवाटे त्या राखणदाराच्याच पोटात जाण्याचा धोका असतो, हे निराळेच.

उपेक्षेचा शेवट काय होतो, हे स्कॉटलंडमध्ये दिसून आले आहे. तेथील जंगले तुटली; शिकारीसाठी राखलेल्या पक्ष्यांचा वैरी म्हणून रानमांजर मारले गेले; उरलीसुरली मांजरे पाळीव मांजरांशी संकर होऊन आपले मूळ रूप हरवून बसली. अखेर पैदास केंद्रात वाढविलेली रानमांजरे २०२३ मध्ये केर्नगॉर्म्सच्या डोंगराळ प्रदेशात सोडण्याची पाळी आली. जे फुकट मिळाले होते, ते आता मोठ्या खर्चाने व कष्टाने परत मिळवावे लागत आहे.

आपल्याकडील रानमांजराची जात निराळी, संकटेही काहीशी निराळी. औट्रम घाटातून जाणाऱ्या सोलापूर-धुळे महामार्गासारख्या रस्त्यांवरील भरधाव वाहने, मोकाट कुत्री, आकसत जाणारा माळ ही ती संकटे होत. परंतु उपाय आवाक्यातले आहेत. गावातील कुत्र्यामांजरांचे लसीकरण व निर्बीजीकरण, बांधावरची झुडपे राखणे, रात्री घाटात वाहनाचा वेग आवरणे यांस अब्जावधींची योजना लागत नाही. पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीच्या वेळी वाघाटीची पिले सापडतात. जेमतेम दीड किलो वजनाची ही वाघाटी जगातील सर्वांत लहान मार्जारांपैकी एक. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले आहे. अशी पिले उचलून घरी न नेता वनखात्याला कळवून जागच्या जागी सुरक्षित ठेवली, तर रात्री आई येऊन त्यांना घेऊन जाते, असा जुन्नर भागातील अनुभव आहे.

शिक्षकाने मुलांना एकदा तरी हा माळ दाखवावा. आणि ज्यांच्या हाती दप्तर आहे, त्यांनी ‘पडीक’ हा शब्द लिहिण्यापूर्वी लेखणी क्षणभर थांबवून तेथे कोण राहते, एवढे पाहावे. वाघ आला काय नि गेला काय; रानमांजर मात्र इथलेच रहिवासी आहे, आणि त्याला जाण्यासाठी दुसरे गाव नाही.