झाडावरची अळंबी: तक्त्यात ‘खाद्य’ लिहिण्याआधी

पावसाळ्यात पाटण, जावळी किंवा शिराळ्याच्या डोंगरात फिरलात तर कुजक्या ओंडक्यांवर अळंबी दिसतेच. माझ्या पहिल्या तक्त्यात मी अशा तीन-चार नावांपुढे सरळ ‘खाद्य’ लिहून टाकलं होतं. गाईडनी एवढंच विचारलं, ‘‘कोण खातं? कुठे?’’ मी गप्प. ते मी एका पुस्तकातून उचललं होतं.

‘खाद्य’ या शब्दात तीन प्रश्न दडलेले असतात.

पहिला, प्रजाती नक्की कोणती? कानासारखी, रबरी ऑरिक्युलॅरिया घ्या. चीनमध्ये पिकवली जाणारी जात वर्षानुवर्षं ‘ऑरिक्युलॅरिया ऑरिक्युला-ज्युडी’ या युरोपीय नावानं ओळखली जायची. डीएनए तपासल्यावर ती वेगळी निघाली आणि २०१४ मध्ये तिला ‘ऑ. हाइमुअर’ हे नाव मिळालं. म्हणजे जुन्या यादीतलं नाव जसंच्या तसं उतरवणं धोक्याचं.

दुसरा, इथे ती खातात का? शायझोफायलम कम्यून हा छोटा पंख्यासारखा कवक मणिपूरमध्ये आवडीनं खातात. पण म्हणून ‘साताऱ्यात खातात’ असं लिहिता येत नाही. ते गावात विचारावं लागतं. फणसाच्या खोडावरची कडक अळंबी आपल्याकडे औषधात वापरतात. तीही ‘खाद्य’ ठरत नाही.

तिसरा, ती सुरक्षित आहे का? ‘लाकडावरची अळंबी विषारी नसते’ हा समज चुकीचा आहे. गॅलेरिना मार्जिनाटा कुजक्या लाकडावरच वाढते आणि तिच्यात यकृत निकामी करणारं अ‍ॅमाटॉक्सिन असतं. ते शिजवूनही जात नाही. त्रास बऱ्याचदा सहा तासांनंतर सुरू होतो, तोवर उशीर झालेला असतो.

मग फील्डवर काय करायचं? यजमान झाड, ते जिवंत की मेलेलं, आणि ताज्या अळंबीचा रंग-वास तिथेच नोंदवा. नमुना कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये तो सडतो. टोपी रात्रभर कागदावर पालथी ठेवून बीजाणूंचा ठसा घ्या. धिंगरीचा पांढरा ते फिकट जांभळट येतो, गॅलेरिनाचा गंजासारखा तपकिरी. पण ठसा फक्त शक्यता कमी करतो, ‘खा’ असं सांगत नाही. कोयना-चांदोलीच्या संरक्षित क्षेत्रात वनविभागाच्या परवानगीशिवाय काही तोडू नका.

आता माझ्या तक्त्यात ‘खाद्य’ हा रकानाच नाही. त्याऐवजी तीन आहेत: ओळख कशी पटवली, कुठे खाल्ली जाते, विषारीपणाबद्दल काय माहीत आहे. बरेच चौकोन रिकामे आहेत. माझा संशोधनाचा प्रश्न त्यातल्याच एका चौकोनातून निघाला.