उदमांजराची कॉफी



ग्वाल्हेरच्या फूलबागेत १९२२ साली माधवराव महाराज शिंदे यांनी प्राणिसंग्रहालय स्थापन केले. तेथील पिंजऱ्यातला प्राणी आपण उघड्या डोळ्यांनी पाहतो आणि त्याच्या हालअपेष्टांविषयी जाबही विचारू शकतो. आज ज्या प्राण्याविषयी बोलावयाचे आहे, त्याचा पिंजरा मात्र गिऱ्हाइकाच्या दृष्टीस सहसा पडत नाही. तो एका महागड्या पेयाआड दडलेला असतो.

हा प्राणी म्हणजे उदमांजर. कोकणात त्याला कांडेचोर म्हणतात. दिवसा झाडाच्या ढोलीत किंवा घराच्या माळ्यावर झोपावे आणि रात्री एकट्याने हिंडावे, हा त्याचा शिरस्ता. कॉफीच्या मळ्यात शिरले, की ते पिकलेली लाल फळे तेवढी निवडून खाते. गर पचतो, बी मात्र विष्ठेवाटे अखंड बाहेर पडते. पोटातील पाचक रसांनी बियांतील प्रथिनांचे काहीसे विघटन होते व त्यामुळे कडवटपणा उणावतो, असे म्हणतात. मळेकरी ही विष्ठा गोळा करतात आणि बिया धुऊन, वाळवून, टरफल काढून भाजतात.

या पेयाचा उगम इंडोनेशियातला. डचांनी १६९६ साली मलबारातून कॉफीची रोपे जावा बेटावर नेली. १८३० पासून तेथे सक्तीच्या लागवडीचा अंमल सुरू झाला. शेतकऱ्याने पिकवावे आणि माल सरकारच्या स्वाधीन करावा, असा दंडक होता. ज्यांना मळ्यातील फळाला हात लावण्याची मुभा नव्हती, त्यांनी उदमांजराच्या विष्ठेतील बिया वेचून आपली तलफ भागविली, अशी कथा सांगतात. गरिबाची ती तलफ पुढे श्रीमंतांची चैन झाली.

आपल्या देशात हा उद्योग कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात सुरू झाला. तेथील डोंगरउतारावर कॉफी मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढते आणि मळ्याला लागूनच रान असते. रानालगतच्या मळेकऱ्यांकडून विष्ठा घेऊन एका नव्या संस्थेने २०१५-१६ साली ६० किलो आणि पुढील वर्षी २०० किलो कॉफी तयार केली, असे २०१७ साली वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. तिचा दर किलोला सुमारे ८ हजार रुपये होता. परदेशात अशीच कॉफी २० ते २५ हजारांना विकली जात होती.

साऱ्या वर्षाचे २०० किलो म्हणजे फार थोडे. मोकळ्या प्राण्याची विष्ठा रानोमाळ शोधावी लागते आणि त्यात दिवसचे दिवस जातात. मागणी वाढली, की प्राणीच कोंडून ठेवण्याचा मोह होतो. बाली बेटावरील १६ मळ्यांतील ४८ कोंडलेल्या उदमांजरांची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. अरुंद जागा, तारांची जमीन, अस्वच्छता आणि अपुरा आहार, असे तिचे निष्कर्ष होते. ज्या टोनी वाइल्ड यांनी १९९१ साली ही कॉफी ब्रिटनमध्ये आणली, त्यांनीच २०१३ साली तिच्याविरुद्ध मोहीम उभारली.

यातील विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. या कॉफीची थोरवी सांगतात ती उदमांजर उत्तम फळ निवडते म्हणून. पण पिंजऱ्यात निवड कसली? पुढ्यात येईल ते खाणे एवढेच त्याच्या हाती उरते. म्हणजे ज्या गुणासाठी गिऱ्हाईक पैसे मोजते, तो गुणच नाहीसा होतो; राहते ती केवळ कथा.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उदमांजराला संरक्षण दिले आहे. परंतु बाजाराला कायद्याइतकीच गिऱ्हाइकाच्या चौकसपणाचीही गरज असते. आपल्या मळ्यालगतचे रान राखून, पहाटे झाडाखाली वाकून बिया वेचणाऱ्या डोंगरातल्या शेतकऱ्याला चार पैसे अधिक मिळावेत, हे न्याय्यच आहे. पिंजऱ्यातील स्वस्त माल त्याच नावाने विकला गेला, तर मार खातो तो हा प्रामाणिक मळेकरी, कारण पेल्यातील चवीवरून पिंजरा ओळखता येत नाही. म्हणून किंमत विचारण्याआधी प्राणी मोकळा होता काय, हे विचारावे. आणि विक्रेत्यापाशी खात्रीचे उत्तर नसेल, तर साध्या कॉफीवर संतोष मानावा.