पाळीव पक्ष्याचे पाणी

माणसाला निर्धोकपणे पिता येणारे पाणी पाळीव पक्ष्यालाही चालते. ते बिघडते पिंजऱ्यात गेल्यावर. राळ्याची टरफले, पिसांची धूळ, विष्ठा, फळाचा एखादा कण यांपैकी काहीही वाटीत पडले की जंतूंना खाद्य मिळते आणि सकाळी भरलेले पाणी संध्याकाळपर्यंत रोगाचे कारण होऊ शकते. त्यामुळे पाणी कुठून आणले याइतकेच ते कशात ठेवले, कुठे टांगले आणि कितीदा बदलले यालाही महत्त्व आहे.

पक्ष्याचे शरीर आणि पाणी

भारतात घरोघरी दिसणारे बजी, कॉकटील आणि झेब्रा फिंच हे मूळचे ऑस्ट्रेलियातले, तर खरे लव्ह बर्ड्स आफ्रिकेतले. (आपल्याकडचे रानपोपट आणि मुनिया यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, ते पाळणे गुन्हा ठरतो.) बजीचे वजन ३० ते ४० ग्रॅम असते आणि तो दिवसाला जेमतेम चमचाभर पाणी पितो. एवढ्या लहान जिवात दूषित पाण्याचा घोटभर अंशही बराच ठरतो.

पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. उकाड्यात ते चोच उघडी ठेवून धापा टाकतात आणि तोंडातून व श्वसनमार्गातून होणाऱ्या बाष्पीभवनाने अंग थंड ठेवतात. त्यात शरीरातले पाणी वेगाने खर्च होते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात रिकामी वाटी काही तासांतच जिवावर बेतू शकते. बजी कोरड्या प्रदेशातला पक्षी असला, तरी पिंजऱ्यात त्याला सावली आणि पाणी शोधायला उडून जाता येत नाही.

पाण्यात काय वाढते

वाटीच्या आतून बोट फिरवल्यावर जो बुळबुळीत थर लागतो, तो जिवाणूंची वसाहत असतो. जिवाणू स्वतःभोवती चिकट आवरण तयार करून भांड्याला धरून राहतात. नुसते पाणी ओतून टाकले आणि नवे भरले, तर हा थर जागेवरच राहतो आणि ताजे पाणी लगेच दूषित करतो. ई. कोलाय, सॅल्मोनेला, स्यूडोमोनास हे जिवाणू आणि कँडिडासारखी बुरशी अशा पाण्यातून पक्ष्याच्या पोटात जाते. उबदार हवेत जिवाणूंची वाढ झपाट्याने होते. ऊन लागणाऱ्या पारदर्शक भांड्यात हिरवे शेवाळ धरते, ते वेगळेच.

ट्रायकोमोनास नावाचा एकपेशीय परजीवी विशेषतः पारव्यांमध्ये आढळतो. तो तोंडात आणि गळ्यात पिवळट चट्टे निर्माण करतो, त्यामुळे पक्ष्याला गिळता येत नाही. सामाईक पाण्यातून तो एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे जातो आणि बजींनाही होतो. पिंजरा गॅलरीत टांगलेला असेल, तर बाहेरचे पारवे त्या वाटीत चोच घालू शकणार नाहीत आणि त्यांची विष्ठा आत पडणार नाही, अशी जागा निवडावी लागते.

पाणी कोणते द्यावे

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० आहे. क्लोरीन वापरून शुद्ध केलेल्या पाण्यात ग्राहकाच्या नळापाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असे ते सांगते. हे प्रमाण पक्ष्याला अपाय करत नाही. मात्र उघड्या वाटीत हा क्लोरीन काही तासांत उडून जातो आणि मग पाण्याला कोणतेच संरक्षण उरत नाही.

विहीर, बोअरवेल किंवा टँकरचे पाणी, तसेच पावसाळ्यात नळाला येणारे गढूळ पाणी गाळून, चांगली उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळून आणि पूर्ण निववून द्यावे. तुरटीने गाळ खाली बसतो, पण पाणी निर्जंतुक होत नाही. उकळल्याने जंतू मरतात, क्षार आणि नायट्रेट मात्र जात नाहीत. पाणी आटले की त्यांचे प्रमाण उलट वाढते. बोअरचे पाणी फार क्षारयुक्त असेल तर घरातल्या माणसांसाठीचे फिल्टरचे पाणीच पक्ष्याला द्यावे.

भांडे आणि त्याची जागा

स्टेनलेस स्टीलची वाटी सर्वांत सोयीची. ती घासता येते, उकळता येते आणि पोपटवर्गीय पक्ष्यांना कुरतडता येत नाही. चकचकीत लेपाची चिनीमातीची वाटीही चांगली, पण तडा गेला की ती बदलावी. प्लॅस्टिकवर ओरखडे पडतात आणि त्या खाचांत जंतू टिकतात. जस्ताचा मुलामा दिलेली भांडी आणि तारा टाळाव्यात, कारण मुलामा कुरतडून पोटात गेला की विषबाधा होते. तांब्यापितळेच्या भांड्यातले पाणी, विशेषतः त्यात फळांचा आंबट रस मिसळला तर, कळकते. तेही पक्ष्यासाठी वापरू नये.

नळीच्या किंवा गोळीच्या बाटलीत विष्ठा आणि टरफले पडत नाहीत, म्हणून पाणी जास्त वेळ स्वच्छ राहते. पण गोळी अडकली तर बाटली भरलेली असूनही पक्षी तहानलेला राहतो. रोज बोटाने गोळी दाबून थेंब येतो का ते पाहावे. वाटीची सवय असलेल्या पक्ष्याला बाटली नवी असेल, तर तो तिच्यातून व्यवस्थित पितो आहे याची खात्री होईपर्यंत वाटी काढू नये.

वाटी बसायच्या दांडीच्या खाली कधीही ठेवू नये. ती पक्ष्याच्या छातीच्या उंचीला, दाण्याच्या भांड्यापासून दूर आणि सावलीत असावी. पक्ष्यांना अंघोळ आवडते. तिच्यासाठी उथळ ताटली वेगळी द्यावी आणि अंघोळ झाल्यावर काढून घ्यावी. पिल्ले असलेल्या पिंजऱ्यात खोल भांडे ठेवू नये, त्यात ती बुडू शकतात.

रोजची स्वच्छता

पाणी दिवसातून दोनदा, उन्हाळ्यात तीनदा आणि घाण दिसली की लगेच बदलावे. दर दिवशी भांडे साबणाने, ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवावे आणि कोरडे करावे. भांड्यांचे दोन जोड ठेवले, की एक वापरात असताना दुसरा उन्हात वाळतो. बाटलीच्या नळीसाठी बारीक ब्रश लागतो.

आठवड्यातून एकदा निर्जंतुकीकरण करावे. स्टीलची वाटी उकळली तरी पुरते. इतर भांड्यांसाठी घरगुती ब्लीचचे द्रावण, लिटरभर पाण्यात साधारण ३० मिलिलिटर, वापरता येते. भांडे आधी घासून घ्यावे, कारण घाणीमुळे ब्लीचची शक्ती वाया जाते. दहा मिनिटे बुडवून ठेवल्यावर वास जाईपर्यंत खळखळून धुवावे. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. पक्ष्यांची श्वसनसंस्था वाफांना फार संवेदनशील असते, म्हणून हे काम पिंजऱ्यापासून दूर, मोकळ्या हवेत करावे.

पक्ष्याची भांडी स्वयंपाकाच्या भांड्यांसोबत घासू नयेत. त्यांचा ब्रश वेगळा असावा आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. सॅल्मोनेला पक्ष्यांकडून माणसांना होऊ शकतो. सिटॅकोसिस हा फुप्फुसांचा रोग वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसाकडे येतो. १९२९-३० मध्ये पोपटांच्या व्यापारातून तो अनेक देशांत पसरला होता. म्हणून वाळलेली विष्ठा झाडू नये, ओली करून पुसावी.

पाण्यात काय घालू नये

साखर, मध, फळांचा रस यांनी जिवाणूंचीच भरभराट होते. जीवनसत्त्वांचे थेंब पाण्यात, उजेडात लवकर निकामी होतात. औषध घातल्यास चव बदलते, पक्षी पाणी कमी पितो आणि त्याच्या पोटात किती मात्रा गेली हे कळत नाही. औषध पाण्यातून द्यायचे की थेट चोचीत, हे पशुवैद्यकानेच ठरवावे.

लक्ष कशावर ठेवावे

निरोगी पक्ष्याच्या विष्ठेत घट्ट भाग, पांढरा भाग आणि थोडे स्वच्छ पाणी असे तीन भाग दिसतात. रसाळ फळ खाल्ल्यावर पाणी वाढते, ते तात्पुरते असते. फळ न देताही विष्ठा पातळ राहिली, पक्षी नेहमीपेक्षा फार जास्त किंवा फार कमी पाणी पिऊ लागला, पिसे फुगवून गप्प बसला, गळ्यात चट्टे दिसले किंवा तोंडातून चिकट स्राव आला, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवावे. पक्षी आजार लपवतात. लक्षणे दिसतात तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. आजारी पक्ष्याला लगेच वेगळ्या पिंजऱ्यात ठेवावे, त्याचे भांडे स्वतंत्र करावे आणि उरलेल्या पक्ष्यांची पाण्याची सर्व भांडी निर्जंतुक करावीत.