मेंढ्यांमधील कासदाह : प्रतिजैविके अपुरी का पडतात?

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे ७ कोटी ४३ लाख मेंढ्यांची नोंद झाली. तेलंगण, आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि राजस्थान ही राज्ये त्यात आघाडीवर होती. कोरडवाहू प्रदेशातील भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांसाठी मेंढ्यांचा कळप हीच बचत असते. आपल्याकडे मेंढी प्रामुख्याने मांस व लोकर यांसाठी पाळली जाते आणि तिचे दूध बहुतांशी कोकराच्याच वाट्याला येते. त्यामुळे गाई-म्हशींप्रमाणे दुधाच्या हिशोबातून कासेचा आजार चटकन उघड होत नाही. कोकराची वाढ खुंटते किंवा ते दगावते, तेव्हाच तो लक्षात येतो. तोवर उपचाराची योग्य वेळ बहुधा टळून गेलेली असते.

रोगाचे स्वरूप

कासेला जीवाणूंच्या संसर्गाने येणारी सूज म्हणजे कासदाह. पशुपालक त्याला ‘दगडी’ म्हणून ओळखतात. मेंढीमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि मॅनहेमिया हिमोलिटिका हे या रोगाचे प्रमुख जीवाणू होत. पहिला त्वचेवर व सडांवरील जखमांत आढळतो, तर दुसरा कोकरांच्या घशात राहतो आणि दूध पिताना कासेत शिरतो. तीव्र प्रकारात कासेचा एक भाग थंड, निळसर-काळा पडतो. अशी मेंढी एक-दोन दिवसांत दगावू शकते. वाचली तरी तो भाग सडून गळून पडतो. सुप्त प्रकारात मात्र बाह्य लक्षणे दिसत नाहीत, केवळ दूध घटते.

उपचार निष्फळ का ठरतात?

उपचार फसला की जीवाणू औषधाला प्रतिरोधक झाले, असा निष्कर्ष काढला जातो. प्रतिरोध हे एक कारण निश्चितच आहे. पेनिसिलिनचे विघटन करणारे विकर काही स्टॅफिलोकॉकस जीवाणू स्वतःच तयार करतात. तथापि, प्रयोगशाळेत प्रभावी ठरलेले औषधही कासेत अनेकदा निकामी ठरते, कारण ते जीवाणूंपर्यंत पोहोचतच नाही.

तीव्र कासदाहात जीवाणूंच्या विषांमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व त्यांत गुठळ्या होतात. टोचलेले औषध रक्तावाटेच कासेत जाते. रक्तपुरवठाच थांबला तर औषधाचा मार्गही बंद होतो. जुनाट आजारात पूयुक्त गाठींभोवती तंतुमय ऊतींची भिंत तयार होते. आतील जीवाणूंची वाढ मंदावलेली असते आणि पेनिसिलिन तर वाढणाऱ्या जीवाणूंवरच परिणाम करते. शिवाय स्टॅफिलोकॉकस पांढऱ्या रक्तपेशींच्या आत दडून राहू शकतो. अनेक औषधे त्या पेशींत पुरेशी शिरत नाहीत.

औषधाचे रासायनिक गुणधर्मही महत्त्वाचे असतात. रक्ताचा सामू सुमारे ७.४, तर निरोगी दुधाचा त्याहून कमी, ६.६ च्या आसपास असतो. त्यामुळे पेनिसिलिनसारखी सौम्य आम्लधर्मी औषधे रक्तातून दुधात अल्प प्रमाणात उतरतात, तर एरिथ्रोमायसिनसारखी सौम्य अल्कधर्मी औषधे तुलनेने अधिक उतरतात. निदानातील चूकही महागात पडते. मायकोप्लाझ्मा या जीवाणूला पेशीभित्तिकाच नसते. म्हणून पेशीभित्तिकेवर आघात करणारे पेनिसिलिन त्याच्यावर चालत नाही. अंदाजाने दिलेली मात्रा आणि सूज उतरताच थांबवलेला औषधक्रम यांची या कारणांत भर पडते.

प्रतिबंधाची दिशा

निष्फळ उपचाराचा भुर्दंड केवळ पशुपालकाला बसत नाही. वारंवार दिलेल्या औषधांमुळे प्रतिरोधक जीवाणूंना वाव मिळतो आणि मांस व दुधात औषधांचे अंश राहू शकतात. म्हणूनच औषध दिल्यानंतर ठरावीक काळ मांस व दूध विक्रीस न आणण्याचा नियम पाळणे अत्यावश्यक आहे. प्रतिजैविक प्रतिरोधाविरुद्धच्या २०१७ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात मानवी आरोग्याबरोबर पशुआरोग्याचाही समावेश करण्यात आला. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्नोत्पादक प्राण्यांमध्ये कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली.

कासदाहाच्या बाबतीत मात्र खरा उपाय कळपातच आहे. मेंढा सोडण्यापूर्वी आणि कोकरे तोडताना प्रत्येक मेंढीची कास हाताने चाचपावी. गाठी असलेली मेंढी पुढील वितासाठी ठेवू नये. विण्याची जागा कोरडी ठेवावी, सडांच्या जखमांवर वेळीच उपचार करावेत आणि व्यालेल्या मेंढीला पुरेसा चारा द्यावा. दूध अपुरे पडले की भुकेले कोकरू सडांना इजा करते. कास गरम, लाल किंवा कडक दिसताच आजारी मेंढी वेगळी करून पशुवैद्यकास बोलवावे. फिरत्या पशुचिकित्सा पथकांसाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. शक्य असेल तेथे औषधापूर्वी दुधाचा नमुना तपासणीसाठी घ्यावा. कोकराला दुसऱ्या मेंढीचे किंवा बाटलीने दूध पाजावे.

प्रतिजैविकाचे यश त्याच्या शक्तीइतकेच वेळेवर आणि अचूक निदानावर अवलंबून असते. स्थलांतर करणाऱ्या मेंढपाळांच्या तळापर्यंत पशुवैद्यकीय सेवा पोहोचली, तरच हे निदान वेळेत होऊ शकेल.